कारगिलच्या कविता आधी कोणाला वाचून दाखवाव्यात?

प्रश्न : मी तोफखान्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि देवळालीगावात राहतो. १९९९ साली कारगिलच्या लढाईत आमची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, द्रास भागात होती. निवृत्तीनंतर मी कविता लिहू लागलो. माझ्याकडे दोन वह्या आहेत. पहिल्या वहीतल्या कविता मी प्रजासत्ताक दिनाला आणि कारगिल विजय दिनाला वाचतो. लोकांना त्या आवडतात. दुसरी वही मी कोणालाच दाखवलेली नाही. माझ्या तोफेवरचा एक जोडीदार शत्रूचा गोळा आमच्या जागेवर पडला तेव्हा गेला. त्याच्याविषयी तिच्यात लिहिले आहे. त्याच्या घरी ‘क्षणात गेला, त्रास झाला नाही’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्याला बराच वेळ लागला. त्याने दोनदा पाणी मागितले आणि जखम पोटात असल्यामुळे मी ते दिले नाही. त्याची आई निफाड तालुक्यात असते. त्याच्या बहिणीकडे मी दर भाऊबिजेला जातो. या वहीत लिहिले की दोन-दोन रात्री झोप लागत नाही, म्हणून पत्नी ‘हे लिहिणे बंद करा’ म्हणते. मला वृत्त येत नाही, मात्रा मोजता येत नाहीत. इतक्या वर्षांनी हे लिहावे का, छापावे का, आणि येत्या २६ जुलैच्या कार्यक्रमात यातली एखादी कविता वाचावी का? दोन्ही वह्यांतले एकेक पान सोबत पाठवत आहे.
— एक माजी सैनिक, नाशिक

उत्तर :

आदरणीय सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून उत्तरही आधी सरळ देते. लिहावे, आणि दुसरी वही पुरी करावी. येत्या २६ जुलैला त्यातली जोडीदाराची कविता वाचू नये. छापण्याचा निर्णय मात्र तुम्ही एकट्याने घ्यायचा नाही, कारण त्या कवितेत तुमच्याइतकेच दुसरे एक घर गुंतलेले आहे, आणि त्या घराला आजवर जे सांगितले गेले आहे त्याहून वेगळे काही तुमच्या ओळी सांगतात. लिहिणे आणि लोकांपुढे आणणे या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की दुसरीच्या भीतीने पहिली अडून राहिली आहे असे मला वाटते. त्या आधी वेगळ्या करू.

तुम्ही पाठवलेली दोन पाने मी शेजारी ठेवून वाचली. पहिल्या वहीतले कडवे असे आहे :

गर्जल्या तोफा, हादरला हिमालय,
शत्रूच्या उरी भरले भय,
भारतमातेच्या सुपुत्रांनी
रक्त सांडुनी मिळविला जय.

आणि हे दुसऱ्या वहीतले :

गोळा उचलताना आम्ही दोघे
एकमेकांकडे बघत नसू.
मोजणी तो करायचा,
सगळ्यांच्यात एकटा मराठीत,
हळू आवाजात.
एकशे बारानंतरचा आकडा
मी म्हटला.

पहिले कडवे सभेत शोभून दिसते, त्यात खोटे काही नाही, आणि ते म्हणताना तुमचा आवाज भरून येत असेल तर तोही खराच आहे. पण द्रास कधीही न पाहिलेला एखादा शिक्षक ते नाशिकरोडला घरी बसून, वर्तमानपत्र वाचून लिहू शकला असता. दुसरे पान लिहू शकणारा माणूस जगात एकच आहे. त्या लढाईत भारतीय तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, रॉकेटे आणि बॉम्ब डागले, आणि ऐन धुमश्चक्रीत रोज पाच हजारांच्या आसपास मारा होत होता, हे आकडे सैन्याच्या वृत्तान्तांत नोंदलेले आहेत आणि ज्याला हवे त्याला ते मिळतात. एकशे बारा हा आकडा कोणत्याही वृत्तान्तात नाही. चाळीस किलोंहून जड असलेला गोळा उचलता उचलता एक मुलगा आपल्या आईच्या भाषेत मोजत होता, आणि त्यानंतरचा आकडा दुसऱ्या आवाजात आला, एवढीच हकिगत तुम्ही सांगितली आहे. मरण हा शब्दही तुम्ही त्या ओळींत येऊ दिलेला नाही. हे तुम्ही ठरवून केले की आपोआप झाले, हे मला ठाऊक नाही. पण वाचणाऱ्याला श्वास रोखायला लावणारी जागा तीच आहे.

म्हणून त्या पानाच्या शेवटी आलेल्या दोन ओळींविषयी मला आग्रहाने बोलायचे आहे. ‘अमर जाहलास मित्रा, प्रणाम तुझ्या बलिदाना’ या त्या ओळी पहिल्या वहीतून दुसरीत आल्या आहेत. तुमचा प्रणाम खरा आहे, परंतु एकशे बारानंतर तो म्हणून दाखवण्याची गरज उरत नाही, आणि जो माणूस आतापर्यंत मराठीत मोजत आमच्यासमोर उभा होता, तो त्या ओळींमुळे एकदम पुतळा होतो. त्या काढा. ‘मी म्हटला’ इथे थांबा. कविता संपल्यासारखी वाटत नसेल तर वाटू द्या.

वीररसाची सवय तुम्हाला का लागली आणि श्रोत्यांनाही तीच का हवी असते, हे समजून घेणे बरे, म्हणजे दुसऱ्या वहीविषयी अपराधी वाटणार नाही. आपल्याकडे लढाई काव्यात आली ती मुख्यतः पोवाड्यातून. अफझलखानाच्या वधावर, सिंहगडच्या लढाईवर शाहिरांनी डफाच्या तालावर जे गायिले, ते गावाचा हुरूप वाढवण्यासाठी होते, आणि त्या कामात पोवाड्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. परंतु लढाईतून परतलेल्या माणसाला काय दिसले हे सांगण्याची वाटही मराठीत जुनीच आहे, आणि ती बहुतेक गद्यातून गेली. पानिपतावर गेलेला नाना फडणवीस तेव्हा विशीही न गाठलेला तरुण होता. पुढे त्याने आपले आत्मवृत्त लिहिले, त्यात रणातून जीव वाचवत केलेली पायपीट आणि आईची कायमची झालेली ताटातूट लपवलेली नाही, आणि मराठी राज्याचा कारभार ज्याने पुढे वर्षानुवर्षे वाहिला त्या पुरुषाला ‘मी पळालो’ हे लिहिताना संकोच वाटला नाही. वरसईचे गोडसे भटजी दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला, आणि त्याविषयी लिहिले ते साधारण पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केल्यावर. पुस्तक छापून आले १९०७ साली, भटजी गेल्यानंतर. ‘इतक्या वर्षांनी’ या तुमच्या शंकेला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही. तुमच्या लढाईलाही पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. लिहायला बसण्यासाठी हा उशीर नव्हे.

इतर देशांतल्या सैनिकांचेही असेच दिसते. व्हिएतनामच्या युद्धात लष्करी वार्ताहर असलेला अमेरिकी कवी युसेफ कोमुन्याका त्या युद्धावर कविता लिहू लागला तो परतल्यानंतर सुमारे चौदा वर्षांनी. त्या काळात तो एका जुन्या घराची डागडुजी करत होता. शेजारच्या खोलीत त्याने कागद ठेवलेला असे. शिडीवरून उतरायचे, एक ओळ लिहायची आणि पुन्हा शिडीवर चढून कामाला लागायचे, असा त्याचा क्रम होता. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या झोपेच्या प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

आधी वृत्ताचे पाहू. तुम्हाला मात्रा मोजता येत नाहीत याची खंत सोडून द्या. मुक्तछंद मराठीत आता परका राहिलेला नाही, आणि ज्याच्या हातून ओळ योग्य जागी तुटते त्याला लय आहे असेच मी मानते. ‘सगळ्यांच्यात एकटा मराठीत’ ही ओळ तुम्ही जिथे तोडली आहे तिथे वृत्त शिकलेल्या माणसालाही ती तोडता आली असती की नाही, मला शंका आहे. मात्र मुक्तछंद म्हणजे पहिल्या झटक्यात उतरले ते ठेवून देणे नव्हे. तुमच्याच धंद्यातले उदाहरण देते : पहिला गोळा लक्ष्यावर पडेल असे तोफेवर कोणी धरून चालत नाही, ओपीवरून, म्हणजे पुढच्या निरीक्षण चौकीवरून, ‘ॲड २००’, ‘ड्रॉप १००’ अशी दुरुस्ती येते, त्याप्रमाणे कोन बदलतो आणि मग पुढचा गोळा जातो. लिहिलेली ओळ चार दिवसांनी परत वाचताना तीच दुरुस्ती करायची असते, आणि तिच्यात अप्रामाणिकपणा काही नाही. पहिल्या महायुद्धात शेलशॉकमुळे, म्हणजे लढाईने मनावर झालेल्या आघातामुळे, एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात दाखल झालेला विल्फ्रेड ओवेन १९१७ साली तिथेच सीगफ्रीड ससून या दुसऱ्या सैनिक-कवीला भेटला. ओवेनचे कच्चे खर्डे आजही जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांतल्या एका प्रसिद्ध कवितेच्या खर्ड्यांवर दोघांचेही हस्ताक्षर आहे : शब्द खोडलेले, बदललेले, शीर्षकसुद्धा दुरुस्त केलेले. खंदकातून आलेल्या माणसाचे दुःखही पहिल्या खर्ड्यात पुरते उतरले नव्हते. ओवेन पुढे आघाडीवर परत गेला आणि युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारला गेला.

दुरुस्ती करताना तुमचे फौजी शब्द मात्र काढू नका. बंकर, लंगर, राशन, फ्यूज, ‘एंड ऑफ मिशन’ हे सगळे तुमच्या आयुष्याचे शब्द आहेत, आणि त्यांच्या जागी कोशातून उचललेले भारदस्त शब्द बसवले की माणसे बोलायची थांबतात.

तुमच्या पानाच्या मागच्या बाजूला तुम्ही पेन्सिलने एक टीप लिहून ठेवली आहे, बहुधा माझ्यासाठी नव्हे : ‘गोळा कुठे पडला ते आम्हाला कधीच दिसले नाही. रेडिओवरचा आवाज सांगायचा.’ सुभेदारसाहेब, या टिपेत एक अख्खी कविता आहे, कदाचित अनेक आहेत. कारगिलविषयी आपण जे ऐकतो-वाचतो त्यात कडा चढणारे पायदळ असते, आणि ते योग्यच आहे. तोलोलिंगवर आणि टायगर हिलवर जे चढले त्यांचे ऋण कोणी नाकारू शकत नाही. तोफखान्याच्या कामगिरीची आठवण म्हणून २०२२ साली द्रासच्या पॉइंट ५१४० या शिखराला ‘गन हिल’ हे नाव देण्यात आले, म्हणजे सैन्यानेही ती कामगिरी मानली. पण डोंगराच्या अलीकडे उभे राहून, न दिसणाऱ्या जागेवर दिवसरात्र गोळे टाकत राहणाऱ्या, आणि तेवढ्याच न दिसणाऱ्या जागेवरून आपल्यावर गोळे येण्याची वाट पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, हे मराठीत मी फारसे वाचलेले नाही. आपण काय केले हे दुसऱ्याच्या आवाजातून कळायचे, ही स्थिती विलक्षण आहे. त्या आवाजाविषयी लिहा. तो कोणाचा होता, थकला की कसा यायचा, एखाद्या रात्री तो आलाच नाही तेव्हा तोफेवर कोण काय बोलले, तेही लिहा. समोर कोण होते याविषयी मनात काही येत असेल, तर तेही येऊ द्या. शत्रूविषयी आलेला एखादा मानवी विचार म्हणजे देशाशी बेइमानी नव्हे, आणि वहीत तर नव्हेच. जोडीदाराच्या कवितेवर तुम्ही सगळा भार टाकला आहे. या इतर कविता लिहिल्या गेल्या की तो थोडा वाटला जाईल असे मला वाटते.

आता वहिनींचे म्हणणे. त्या घाबरल्या आहेत ते उगाच नव्हे, आणि त्यांच्यावर नाराज होऊ नका. मनावर आघात केलेल्या प्रसंगांविषयी लिहिण्याचा अभ्यास अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले होते. ज्यांनी घडलेली गोष्ट आणि तिच्याविषयी वाटलेले दोन्ही लिहिले त्यांचे मन लिहून झाल्यावर लगेच अधिक खिन्न झाले, मात्र पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यातल्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. ते विद्यार्थी होते, सैनिक नव्हते, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा तुम्हाला लावणार नाही. पण लिहिल्यावर आधी त्रास वाढतो हे तिथेही दिसले, आणि वहिनींना तेच दिसते आहे. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी नाशिककर सहज विसरतात : देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की आसपासच्या गावांत खिडक्यांच्या काचा वाजतात, आम्ही म्हणतो ‘फायरिंग चालू झाले’ आणि चहा पीत राहतो. ज्याने त्या आवाजाखाली माणूस गमावला आहे त्याला तो तसा ऐकू येणे शक्य नाही. त्या दिवशी दुसरी वही उघडायचीच नाही, असा नियम करा.

बाकीचे नियमही साधे आहेत. रात्री लिहू नका. सकाळी लिहा, आणि लिहून झाल्यावर ज्यात हात गुंततील असे काम आधीच ठरवून ठेवा. कोमुन्याकाच्या शिडीचा उल्लेख त्यासाठीच केला. झाडांना पाणी घालणे असेल, पंपाची दुरुस्ती असेल, बाजारहाट असेल. घड्याळ लावून वीस मिनिटे लिहा आणि वेळ झाली की ओळ अर्धी असली तरी उठा. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. काय लिहिले ते वहिनींना सांगितलेच पाहिजे असे नाही, पण आज लिहिले आहे एवढे त्यांना सांगा, म्हणजे रात्री तुम्ही अंगणात गेलात तर त्यांना कारण कळेल.

याउपर एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती आडून लिहिण्यासारखी नाही. लिहिणे बंद असतानाही झोप येत नसेल, स्वप्नात तेच ते दिसत असेल, दारू वाढली असेल, किंवा ‘त्याच्याऐवजी मी का नाही गेलो’ हा विचार जगणे नको वाटण्यापर्यंत जात असेल, तर कविता हा त्यावरचा उपाय नाही. तुमच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डावर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणी मिळते, आणि १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वहिनींनाही द्या. उपचार घेतल्याने कविता जातात ही भीती काही लिहिणाऱ्यांना असते. झोप झालेला माणूस दुरुस्ती अधिक चांगली करतो, एवढेच मी सांगू शकते.

आता पाण्याविषयी. पोटाच्या जखमेत तोंडाने काही देऊ नये हे प्रथमोपचारात शिकवतात, आणि तुम्ही ते शिकलेले होता. शस्त्रक्रिया करावी लागली तर पोटात गेलेले पाणी घातक ठरू शकते, म्हणजे तुम्ही पाणी नाकारले ते तो वाचावा म्हणून. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तरीही तुमच्या पत्रात ते वाक्य असे आले आहे की जणू तो गुन्हा होता. कवितेत मी तुम्हाला स्वतःला माफ करायला सांगणार नाही आणि दोषी ठरवायलाही नाही. त्याने काय मागितले ते लिहा, नियम काय होता ते लिहा, आणि दोन्ही शेजारी राहू द्या. त्याने पाणी कोणत्या शब्दांत मागितले, हिंदीत की मराठीत, तुमचे नाव घेऊन की न घेता, हे तुम्हाला आठवत असेल तर तेच शब्द. ही कविता तुम्हाला सर्वांत शेवटी लिहिता येईल असे दिसते. तिला घाई नको.

आणि म्हणूनच ती आधी कोणी ऐकायची हा प्रश्न मोठा आहे. ‘क्षणात गेला’ हे त्या माउलीला ज्याने सांगितले त्याने दयेपोटी सांगितले. अशी वार्ता नेणारे लोक जगभर हेच सांगत आले आहेत. त्या वाक्यावर तिने पंचवीसहून अधिक वर्षे काढली. तुम्ही २६ जुलैला व्यासपीठावरून पाण्याची कविता वाचलीत, तर समोरच्या रांगेतला कोणीतरी ती फोनवर टिपेल, आणि तुम्ही कार्यक्रमाच्या मंडपातून बाहेर पडायच्या आधी ती निफाड तालुक्यात पोहोचलेली असेल. नाव, गाव, तोफेचा क्रमांक बदलून हे टळणार नाही. तुमच्या बॅटरीतले लोक ओळखतील, आणि त्या घरातले तर पहिल्या ओळीत ओळखतील, कारण तो मराठीत मोजायचा हे त्यांना कदाचित तुमच्याकडूनच कळलेले असेल.

तुम्ही त्याच्या बहिणीकडे जा. भाऊबिजेला मात्र नको. तो दिवस तिचा आहे, त्या दिवशी तिला भाऊ मिळतो, त्यावर हे ओझे टाकू नका. एखादा साधा वार पाहून जा, वही बरोबर नेऊ नका, आणि ‘कविता छापू का’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाला ती भिडेखातर हो म्हणेल. तिला एवढेच विचारा, की त्या दिवशीचे तुम्हाला जे सांगितले गेले त्याहून अधिक मला माहीत आहे. ते तुम्हाला ऐकायचे आहे का? मग थांबा. तिने त्याच दिवशी उत्तर दिले पाहिजे असे नाही. तिने ऐकायचे ठरवले तर तोंडी सांगा, कवितेतून नको. कविता मागाहून, तिने मागितली तर. आईला सांगायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिचा आणि तिच्या घराचा आहे, तुमचा नाही आणि माझाही नाही.

ती नको म्हणाली, किंवा आई असेपर्यंत नको म्हणाली, तर ती एक कविता वहीत राहील. हे कठोर वाटेल. लिहिणाऱ्यांच्या जगात ‘सत्य दडपू नये’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतील, आणि राज्यकर्त्यांविषयी, युद्धाच्या कारणांविषयी, सैनिकाला मिळणाऱ्या वागणुकीविषयी मीही तेच म्हणेन. पण एका म्हाताऱ्या आईने मुलाचा शेवट कसा मनात धरून ठेवला आहे, ही त्या जातीची गोष्ट नव्हे. गोडसे भटजींचे लिखाण त्यांच्या पश्चात छापले गेले म्हणून ते कमी खरे झाले नाही. तुमची वही सुरक्षित ठेवा, तिची एक प्रत करून घ्या, आणि ती कोणी, केव्हा उघडावी हे मुलांना लेखी सांगून ठेवा.

उरलेल्या कवितांना अशी अडचण नाही, आणि त्यांचे पुस्तक होऊ शकते. नियमांविषयी थोडक्यात सांगते. सेवेत असलेल्या सैनिकाला लेखन प्रसिद्ध करण्यासाठी परवानगी लागते. तुम्ही निवृत्त आहात, तरी १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम तुम्हालाही लागू आहे. १९९९ मधली थंडी, भीती आणि गोळ्यांची मोजणी यात गुपित काही नाही. आजच्या तैनातीचे, ठाण्यांचे, संदेशवहनाच्या पद्धतीचे तपशील टाळा, आणि एखाद्या जागेच्या उल्लेखाविषयी शंका आली तर ती ओळ बदला. तिच्यावाचून कविता अडणार नाही. प्रकाशकाकडे जाण्याआधी कोणीतरी अनोळखी वाचक शोधा. नाशिकमध्ये कुसुमाग्रज स्मारकात आणि सार्वजनिक वाचनालयात काव्यवाचने होत असतात. तिथे आधी नुसते श्रोते म्हणून जा, आणि तुम्ही सैनिक आहात हे न सांगता ज्याच्याशी कवितेविषयी बोलता येईल असा माणूस दिसला की त्याला रेडिओच्या आवाजाची कविता द्या. तुमच्या पदाला नमस्कार करणारा वाचक तुम्हाला दुरुस्ती सांगणार नाही.

राहिला २६ जुलैचा कार्यक्रम. पहिल्या वहीतली एक कविता वाचा. लोक ज्या भावनेने जमतात ती अनादर करण्यासारखी नाही. तिच्यानंतर, संयोजकांना आधी कल्पना देऊन, दुसऱ्या वहीतली अशी एक कविता वाचा जिच्यात कोणाचे मरण नाही. रेडिओवरचा आवाज चालेल. ती तोपर्यंत लिहून झाली नाही, तर पुढच्या वर्षी. निवेदकाला बजावून ठेवा, की हिच्यानंतर घोषणा देऊ नका आणि पुढच्या कवीला लगेच बोलावू नका, सावकाश पाच मोजा. टाळ्या कमी पडतील, कदाचित पडणारच नाहीत. त्यावरून कवितेची परीक्षा करू नका. कार्यक्रम संपल्यावर कोणी तुमच्याकडे येऊन त्या कवितेविषयी काही विचारले, तर काय विचारले ते मला जरूर कळवा, आणि एकशे बाराच्या पानाची शेवटच्या दोन ओळी काढलेली प्रतही पाठवा. ती या सदरात छापली जाणार नाही.